कामाला हात लागत नाही तेव्हा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चालढकलीबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे: आम्हाला एखादं चांगलं वेळापत्रक द्या. ते आम्ही दिलेलं नाही. घोडं अडतं ते सुरुवातीला, आणि वेळापत्रक कामाला फक्त एक रकाना देतं; त्या रकान्यात पाऊल कसं टाकायचं ते सांगत नाही. त्यामुळे खालच्या उत्तरांत भर आहे तो पहिल्या पाच-दहा मिनिटांवर. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: मी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. माहिती गोळा झाली आहे, मार्गदर्शक चांगले आहेत, दिवसाचे चार-पाच तास मोकळे असतात. रोज सकाळी लॅपटॉप उघडते आणि प्रबंध सोडून बाकी सगळं करते. संदर्भसूची नीट लावते, फाइलींची नावं बदलते, आणखी एखादा लेख उतरवून घेते. संध्याकाळपर्यंत एक ओळही लिहून होत नाही. घरचे आळशी म्हणतात. खरंच तसं आहे का?

उत्तर: आळशी माणूस संदर्भसूची लावत बसत नाही. तुम्हाला कष्टांचं वावडं नाही. लिहायला बसलं की जी अस्वस्थता येते, तिच्यापासून तुम्ही पळता आहात. मुद्दा उभा राहतोय का, मार्गदर्शक काय म्हणतील, इतकी वर्षं घालवून एवढंच निघालं का, हे सगळं त्या कोऱ्या पानावर एकदम समोर येतं. फाइलींची नावं बदलायला घेतली की ते लगेच ओसरतं, आणि हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच दुसऱ्या दिवशी पुन्हा फाइलींकडे ओढून नेतं. फुशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली चालढकलीची मांडणी याच अंगाने केली: माणूस आत्ताची मनःस्थिती सावरतो आणि त्याची किंमत उद्याच्या स्वतःवर ढकलतो.

मोकळे चार-पाच तास हीसुद्धा तुमची अडचण आहे. कधीही सुरू करता येत असेल तर आत्ताच सुरू करायला काही कारण उरत नाही.

आधी खूण ठरवा. ‘सकाळी’ ही खूण नव्हे. सकाळ चार तास चालते. रोज न चुकता घडणारी आणि जिचा शेवट डोळ्यांना दिसतो अशी कृती हवी. न्याहारीची शेवटची बशी धुऊन पालथी घातली, दात घासून ब्रश जागेवर ठेवला, घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडून दार लागलं, असं काहीतरी. मग त्या खुणेला पहिली कृती जोडून पूर्ण वाक्य हाताने कागदावर लिहा: ‘शेवटची बशी पालथी घातली की मी टेबलाशी बसून प्रकरण तीनची फाइल उघडीन आणि कालच्या शेवटच्या वाक्यापुढे लिहीन.’ हे बाळबोध वाटेल. पण पीटर गोल्विट्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या वाक्यांचा बराच अभ्यास केला आहे, आणि २००६ साली पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. नुसत्या निश्चयापेक्षा अशी वाक्यं ठरवणाऱ्यांच्या हातून ठरलेलं काम बरंच जास्त पार पडलं. कारण सरळ आहे. ‘आता सुरू करू का?’ हा प्रश्न ऐन वेळी मनाला विचारावा लागत नाही, त्याचं उत्तर आदल्या दिवशीच देऊन ठेवलेलं असतं.

माप दहा मिनिटांचं ठेवा. तुमच्या चांगल्या दिवसावरून माप काढू नका. झोप नीट झालेली नाही, डोकं जड आहे, कुणाशी तरी खटका उडालेला आहे, अशा दिवशीही जेवढं होईल तेवढंच माप खरं. पहिले पंधरा दिवस शब्द मोजू नका, मिनिटं मोजा. शब्द मोजायला लागलं की ते चांगले आहेत का हा प्रश्न पाठोपाठ येतोच. गजर लावायला फोन वापरू नका, साधं घड्याळ किंवा स्वयंपाकघरातला टायमर पुरतो.

आदल्या संध्याकाळी तीन मिनिटांची तयारी करा. फाइल योग्य पानावर उघडी ठेवा आणि पुढे काय लिहायचं आहे ते अर्ध्या ओळीत चिठ्ठीवर टिपून लॅपटॉपवर चिकटवा. शक्य असेल तर शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धवट सोडा. अर्धं वाक्य पुरं करणं हे नवं वाक्य सुरू करण्यापेक्षा फार सोपं असतं. त्या दहा मिनिटांत इंटरनेट बंद. एखादा संदर्भ, आकडा, तारीख आठवली नाही तर तिथे तीन फुल्या मारा आणि पुढे चला. तुमच्या बाबतीत चोरवाट नेमकी हीच आहे: एक संदर्भ बघायला म्हणून जायचं आणि तासाभराने चार लेख उतरवून परतायचं.

दहा मिनिटं झाली की उठायची मुभा आहे. खरोखर आहे. इथे पुष्कळजण स्वतःलाच फसवतात. ‘दहा मिनिटं फक्त’ म्हणून बसतात, लय लागली की दोन तास रेटतात आणि खूश होतात. तिसऱ्या दिवशी मनाला कळून चुकलेलं असतं की दहा मिनिटं म्हणजे दोन तास, आणि मग ते दहा मिनिटांनाही तयार होत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यात वरची मर्यादाही घाला: फार तर तीस मिनिटं, मग उठायचं, मन नको म्हणालं तरी. चौदातले निदान दहा दिवस जमले की माप पंधरा मिनिटांवर न्या, पुढच्या पंधरवड्यात पंचवीसवर. दिवसातली दुसरी बैठक त्याच्याही नंतर. बैठकीची लांबी आणि बैठकांची संख्या एकाच वेळी वाढवली की डोलारा कोसळतो.

संदर्भसूची लावायची हौस आहे तर लावा, पण दुपारी आणि लिहिणं झाल्यावर.

प्रश्न: कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते म्हणतात. मी रोज संध्याकाळी अर्धा तास हिशेब आणि कागदपत्रं आवरायची सवय लावायला घेतली. आज तेविसावा दिवस आहे आणि अजूनही रोज स्वतःला ओढून न्यावं लागतं. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: कमी त्या आकड्यात आहे. अमेरिकी प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली असं निरीक्षण नोंदवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला साधारण किमान एकवीस दिवस जातात. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

मोजून पाहिलेला आकडा वेगळा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक छोटी कृती निवडायला सांगितली आणि ८४ दिवस त्यांची नोंद ठेवली. कृती बऱ्यापैकी आपोआप होऊ लागायला लागणारा मधला काळ (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. (हा दुसरा आकडा अर्थातच आलेख पुढे वाढवून काढलेला आहे, कारण अभ्यास ८४ दिवसांचाच होता.) पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

तुमच्यासाठी कामाचा मुद्दा पुढेच आहे. हिशेब करणं कधीच आपोआप होणार नाही, त्याला डोकं लावावंच लागतं. आपोआप होऊ शकतं ते टेबलाशी जाऊन बसणं, फाइल काढणं, पहिली पावती हातात घेणं. तेवढंच सवयीच्या स्वाधीन करा. आणि अर्धा तास फार होतो. दहा मिनिटं किंवा पाच पावत्या, जे आधी होईल ते, आणि उरलेल्या पावत्या उद्याच्या पाकिटात.

प्रश्न: सवयी नोंदवायचं ॲप वापरतो. सतरा दिवस सलग जमलं, मग प्रवासामुळे दोन दिवस चुकले, ॲपवरचा आकडा शून्यावर गेला आणि मी सगळंच सोडलं. असं चौथ्यांदा होतंय. आरंभशूर म्हणून आता घरात थट्टा होते.

उत्तर: सलग दिवसांचा आकडा दिसायला छान असतो आणि कामाला वाईट. तो वाढत जातो तशी त्याची जरबही वाढत जाते, आणि तुटला की आधीचे सतरा दिवस वाया गेले असं वाटतं. ते वाया गेलेले नसतात. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवय रुजण्यात जाणवण्याजोगा फरक पडला नाही.

ॲप काढून टाका किंवा त्यातली ती सोय बंद करा. भिंतीवर साधं कॅलेंडर लावा आणि सलग दिवसांऐवजी आठवड्याचे दिवस मोजा. सातातले पाच जमले की आठवडा पास. चार जमले तर माप मोठं आहे, कमी करा. सलग तीन आठवडे सातही जमले तर माप वाढवायला जागा आहे.

चुकल्यानंतरचा पहिला दिवस सगळ्यांत महत्त्वाचा. त्या दिवशी नेहमीच्या खुणेला, नेहमीच्या जागी, पण निम्मंच काम करायचं. बुडालेलं भरून काढायला दुप्पट करू नका. दुप्पट ही शिक्षा असते, आणि शिक्षा टाळायला मन पुन्हा पळवाट शोधतं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकल वोल, पिचिल आणि बेनेट यांनी विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला कोसत बसलं की त्या कामाचं नाव काढलं तरी वाईट वाटायला लागतं, आणि वाईट वाटणारी गोष्ट आपण टाळतो.

माफ करणं म्हणजे कारण न शोधणं नव्हे. कॅलेंडरच्या रिकाम्या चौकोनात एक अक्षर लिहा. खूणच आली नाही (प्रवास, सुट्टी, पाहुणे) तर ‘ख’. खूण आली पण विसरलो तर ‘व’. आठवलं होतं तरी टाळलं तर ‘ट’. तिन्हींवरचे इलाज वेगळे आहेत आणि लोक सगळ्यांवर एकच इलाज करतात: निश्चय पक्का करणं. ‘ख’ जास्त असतील तर बाहेरगावी असतानाही टिकणारी दुसरी खूण ठरवा. दात घासणं प्रवासातही चुकत नाही. ‘व’ जास्त असतील तर खूण आणि काम एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आणा, वही ब्रशशेजारी ठेवा. ‘ट’ जास्त असतील तर काम अजून मोठं तरी आहे किंवा पुढची पायरी अस्पष्ट तरी आहे. ते निम्मं करा.

‘आता सोमवारपासून’ या मोहाबद्दलही थोडं. आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा पहिला दिवस आला की लोक नव्या गोष्टी जास्त उत्साहाने सुरू करतात, हे हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४मध्ये दाखवलं आहे. सोमवार समोर आलाच असेल तर त्याचा फायदा जरूर घ्या. बुधवारी मात्र सोमवारची वाट बघत बसू नका.

प्रश्न: मला ऐन वेळीच काम सुचतं. मुदत डोक्यावर आली की मी झपाटून काम करतो आणि ते होतंही. मग बदलायचं कशाला?

उत्तर: होतं हे खरं, कसं होतं ते तपासून पाहा. डायन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांवरचा अभ्यास मांडला. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा निवांत होते आणि आजारीही कमी पडत होते. सत्राच्या अखेरीस चित्र उलटलं, आणि सगळं सत्र धरून हिशेब केला तर ताण आणि दुखणी त्यांच्याच वाट्याला जास्त आली. गुणही त्यांना कमी पडले.

ऐन वेळी सुचतं असं वाटण्याचं कारण बहुधा दोन गोष्टींत असतं. एक, पर्याय संपलेले असतात. दोन, तुमचा मापदंड खाली येतो. ‘उत्तम झालं पाहिजे’च्या जागी ‘झालं पाहिजे’ येतं आणि हात मोकळा होतो. या दोन्ही गोष्टी आधीही घडवून आणता येतात. निम्म्या मुदतीला कच्चा खर्डा कुणाला तरी पाठवायचं कबूल करा, आणि वर मोठ्या अक्षरात ‘कच्चा’ असं लिहा. स्वतःलाच घातलेली खोटी मुदत चालत नाही, कारण ती खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. समोरच्या माणसाचं तुमच्या खर्ड्यावाचून काही तरी अडलं पाहिजे.

काम हातात आल्यापासून चोवीस तासांच्या आत पंधरा मिनिटं त्याला द्याच. करायचं इतकंच: काम पूर्ण वाचायचं आणि दुसऱ्या कुणाकडून काय काय लागणार आहे ते लिहून त्या विचारणा लगेच पाठवून द्यायच्या. तुमची शेवटची रात्र तुम्ही ताणू शकता. सही करणाऱ्याची, आकडे देणाऱ्याची, तपासणाऱ्याची रात्र तुमच्या हातात नसते. ऐन वेळी फसलेली कामं बघा, बहुतेक इथेच फसलेली सापडतील.

अंदाजही दुरुस्त करा. १९९४ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा व्हायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं. सगळंच बिनसलं तर किती लागतील, यावर उत्तर होतं ४९. प्रत्यक्षात लागले ५५ ते ५६. वाईटात वाईट अंदाजही कमीच ठरला. त्यामुळे ‘किती दिवस लागतील’ असं मनाला विचारू नका. मागच्या तीन कामांचे अंदाज आणि प्रत्यक्ष दिवस लिहून काढा. चार दिवस म्हटलेलं सहा दिवसांत झालं असेल तर तुमचा गुणक दीड. नव्या कामाच्या प्रत्येक अंदाजाला त्याने गुणा. मागच्या कामांचे दिवस आठवत नसतील तर दीडवरच सुरुवात करा.

प्रश्न: मोठी कामं मी करते. भिजत घोंगडं पडतं ते बारक्यासारक्या कामांचं. विम्याचा अर्ज, एक फोन, दोन ईमेल, दुरुस्तीला टाकायची वस्तू. यादी करते आणि ती यादीच महिनोन्महिने पुढच्या पानावर उतरवत राहते.

उत्तर: यादी बघू या. ‘विमा’ असं लिहिलं असेल तर ते काम नव्हे, विषय आहे. दर वेळी त्यावर नजर गेली की यात नेमकं करायचं काय हे नव्याने ठरवावं लागतं, आणि तेवढ्यानेच डोळा पुढच्या ओळीवर घसरतो. ‘कपाटातल्या निळ्या फाइलमधून पॉलिसी क्रमांक काढून अर्जावर लिहिणे’ हे काम झालं. प्रत्येक ओळीत एक वस्तू, एक जागा आणि एक क्रियापद असावं. दहा मिनिटांत न संपणाऱ्या ओळीच्या दोन ओळी करा.

रोज वीस मिनिटं या कामांची ठेवा, शक्यतो दुपारची, जेव्हा डोकं मोठ्या कामाला चालत नाही. तीन कामं घ्या, जास्त नाही. त्यातलं सगळ्यांत नकोसं पहिलं. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकावं, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. या वीस मिनिटांच्या आत तो उत्तम आहे, बाहेर घातक. दिवसभर पाळलात तर दोन-दोन मिनिटांची कामं सगळा दिवस खाऊन टाकतील, शिवाय खूप काम केल्याचं समाधानही देतील.

फोन टाळला जातो तो बहुधा सुरुवात कशी करायची हे माहीत नसल्यामुळे. पहिलं वाक्य आणि विचारायचा प्रश्न, दोन्ही शब्दशः कागदावर लिहा, लागणारा क्रमांक शेजारी ठेवा, आणि मग डायल करा. उचलला नाही तर पुन्हा कधी करायचा ती वेळ तिथेच लिहा. ‘नंतर’ असं लिहू नका.

एखादं काम तीनदा पुढच्या पानावर गेलं की चौथ्यांदा उतरवायचं नाही. मोडून छोटं करा, दुसऱ्या कुणाला द्या, नाहीतर काट मारा. काट मारणं लोकांना फार जड जातं. आमच्या मते यादीतल्या बऱ्याच ओळींची तीच लायकी असते.

प्रश्न: सगळा दोष फोनचा. दर दहा मिनिटांनी हात जातो. कोणतं ॲप घालू?

उत्तर: ॲपचं कुलूप लावणारा आणि किल्ली ठेवणारा एकच असेल तर ते टिकत नाही. कामाच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आवाज चालू ठेवून, म्हणजे महत्त्वाचा फोन चुकेल ही सबब उरत नाही. सूचना मात्र बंद. आणि दोन दिवस एवढंच बघा: हात फोनकडे गेला त्याच्या आधीच्या क्षणी तुम्ही काय करत होता? बहुधा एखाद्या अवघड वाक्यापाशी, न जमणाऱ्या गणितापाशी अडलेला असता. म्हणजे फोन ही पळायची जागा आहे, पळण्याचं कारण नव्हे. फोन काढून घेतला तर तीच मंडळी कपाट आवरायला लागतात. आधी काम लहान करा, मग फोन दूर ठेवा.

प्रश्न: दिवसाची कामं वेळेवर होतात, पण झोपायला जाणं पुढे ढकलतो. उद्या त्रास होणार हे माहीत असूनही मध्यरात्र उलटते.

उत्तर: हाही चालढकलीचाच प्रकार मानला जातो, नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचा स्वतंत्र अभ्यास केला. झोप कुणाला नकोशी नसते. नकोसं असतं ते झोपेआधीचं आवरणं: दात घासा, कपडे बदला, दारं बघा, दिवे घालवा. आणि दिवसभरात स्वतःचा असा मिळालेला एकमेव वेळ सोडवत नाही.

आवरणं तीन तास आधी उरका. रात्रीची भांडी झाली की लगेच दात, कपडे, दारं, उद्याची पिशवी. मग झोप आली की फक्त आडवं व्हायचं उरतं. गजर झोपण्याच्या वेळेचा लावू नका. पडदा बंद करण्याचा लावा, झोपेच्या चाळीस मिनिटं आधीचा. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर. वेळ एकदम दोन तासांनी मागे आणलीत तर अंथरुणावर टक्क जागे राहाल आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मूळपदावर याल. दर तीन-चार रात्रींनी पंधरा मिनिटं मागे या, उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेवा. आणि संध्याकाळी वीस मिनिटं कुणालाही न देता स्वतःला द्या, नाहीतर रात्र ती वसूल करते.

प्रश्न: हे सगळं करून पाहिलं आहे. काहीच टिकत नाही. शाळेपासून असंच आहे.

उत्तर: ‘शाळेपासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, वेळेचा अंदाज चुकणं, आवडीच्या कामातही अर्धवट सोडणं हे लहानपणापासून आणि घर, काम, नाती अशा सगळीकडे असेल, तर एडीएचडीची (लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात अडचण आणणाऱ्या विकाराची) तपासणी करून घ्या. मोठ्या वयातही ती होते आणि उपचार असतात. उलट, आधी सगळं नीट चालत होतं आणि गेले दोन आठवडे किंवा जास्त मन सतत उदास आहे, आवडीच्या गोष्टींतही रस नाही, झोप किंवा भूक बदलली आहे, असं असेल तर नैराश्याचा विचार व्हायला हवा. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गेलं असेल तर आजच डॉक्टरांकडे जा, आणि जाताना कुणाला तरी बरोबर घ्या. थायरॉइडचा विकार आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांमुळेही माणूस दिवसभर मरगळलेला राहतो. अशा वेळी दहा मिनिटांची सवय निरुपयोगी नसते, पण ती उपचारांची जागा घेऊ शकत नाही. जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद न्या: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, काय करायचं ठरवलं, त्यातलं काय झालं.

प्रश्न: मुलगा चौदा वर्षांचा आहे. अभ्यासाला बस म्हटलं की ‘पाच मिनिटांत’ म्हणतो आणि तासभर जातो. मी ओरडते, मग तो बसतो. रोजचंच झालं आहे.

उत्तर: त्याच्यासाठी अभ्यासाची खूण आता तुमचं ओरडणं ही झाली आहे. तिसऱ्या हाकेला बसायचं हे त्याला पक्कं शिकवून झालं आहे, त्यामुळे पहिल्या दोन हाकांना काहीच अर्थ उरलेला नाही.

भांडण नसेल अशा वेळी, सुट्टीच्या दिवशी दुपारी, त्याच्याशी बोला आणि त्यालाच खूण निवडू द्या: खेळून येऊन पाय धुतले की, किंवा संध्याकाळचं खाणं झालं की. बसायचं की नाही हा पर्याय देऊ नका. कधी, कुठे आणि कोणत्या विषयाने सुरुवात, हे तीन पर्याय त्याचे. पहिली बैठक पंधरा मिनिटांची. त्या पंधरा मिनिटांतलं पहिलं उदाहरण आधीच सोडवलेलं, वाचून समजून घ्यायचं. दुसरं अर्धं सोडवलेलं. तिसरं त्याचं त्याने. मुलं कठीण विषय टाळतात त्यात नाठाळपणा कमी असतो. वहीत कुठून सुरू करायचं हेच पुष्कळदा कळत नाही, आणि ते कबूल करणं चौदाव्या वर्षी फार अवघड असतं.

तुम्ही त्या वेळी त्याच टेबलाशी स्वतःचं काम घेऊन बसा. वहीत डोकावू नका. किती झालं असं मध्येच विचारू नका. पंधरा मिनिटांनंतर तो उठला तर पहिले दोन आठवडे उठू द्या. ‘आता बसलाच आहेस तर अजून एक धडा कर’ हे वाक्य टाळा. त्या एका वाक्याने पंधरा मिनिटांचा करार मोडतो आणि उद्या पुन्हा ‘पाच मिनिटांत’ सुरू होतं. हाक एकदाच मारायची. तो आला नाही तर तुम्ही तुमचं काम घेऊन टेबलाशी जाऊन बसा आणि त्याची वही तुमच्या समोरच्या खुर्चीपाशी उघडून ठेवा. पहिले काही दिवस तो उशिरा येईल, एखाद्या दिवशी येणारही नाही. त्या दिवशीही दुसरी हाक मारू नका. शाळेत गृहपाठाबद्दल जे ऐकून घ्यावं लागेल ते त्याचं त्याला ऐकू द्या.